वाटेवरच्याचे ताट

दर वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी माहेरी कुरेसावाला जाते, आणि दर वर्षी नवरा बसपर्यंत सोडायला येतो तेव्हा तेच म्हणतो, की लोक तिथे लाल पाने बघायला जातात आणि तू भांडी घासायला. खोटे नाही ते. नागोयात आमचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान आहे. तिथे वर्षभर वाफ खायची आणि सुट्टी म्हणून डोंगरात जाऊन पुन्हा वाफच खायची, फक्त भाताची. पण पानांच्या त्या बारा-पंधरा दिवसांत आमच्या आठ खोल्यांच्या सराईत तीळ ठेवायला जागा नसते, आणि आईला एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत. शेजारच्या हात्सुकाकू स्वयंपाकाला येतात, त्याही सत्तरी ओलांडलेल्या. तिसरे माणूस सात वर्षांपूर्वीपर्यंत होते.

ते माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ तेप्पेई. सात वर्षांपूर्वी अशाच मोसमात, सकाळी नऊच्या सुमारास तो परडी घेऊन मागच्या डोंगरावर गेला. पाहुण्यांच्या ताटात माशाशेजारी एकेक ताजे लाल पान ठेवायची आमच्या सराईची रीत आहे, आणि गावातल्या नदीच्या पुलाखालची पाने लोकांनी हाताळून, तुडवून खराब झालेली असतात, म्हणून तो रोज वर जाई आणि अर्ध्या तासात परत येई. त्या दिवशी आला नाही. पोलीस आले, अग्निशामक दलाची माणसे आली, गावातले झाडून सगळे पुरुष दोर घेऊन आठ दिवस डोंगर पालथा घालत होते. परडी सापडली, पानांनी अर्धी भरलेली. तेप्पेई सापडला नाही. त्याचे कुणाशी भांडण नव्हते, कसली चिंता नव्हती. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी तो मासे मीठ लावून ठेवून गेला होता.

तेव्हापासून आई त्याचे ताट वाढते. घरातले माणूस लांबच्या वाटेवर असले की त्याचे ताट रोज घरी वाढायचे, त्याच्याच वाडग्यात, जेवायच्या त्याच्याच काड्या ठेवून, म्हणजे ते जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही असे आमच्याकडे मानतात. मेलेल्यांचे वेगळे, त्यांना देव्हाऱ्यापुढे चिमूटभर भात. दोन्हींची गल्लत करायची नाही. वाटेवरच्याच्या ताटातला भात निवला की वाडग्याचे झाकण उचलून बघायचे. आतून पाण्याचे थेंब लागलेले असले तर माणूस सुखरूप आहे. झाकण कोरडे निघाले तर घरात त्याविषयी कुणी काही बोलत नाही.

गरम भातावर झाकण ठेवले की थेंब येणारच, हे मला कळत नव्हते असे नाही. माझे सगळे आयुष्य वाफेत गेले आहे. पण आई दर रविवारी फोनवर "झाकण ओलं आहे हो" म्हणायची, मी "बरं झालं" म्हणायची, आणि अशी सात वर्षे निघून गेली.

यंदा मात्र मी पर्समध्ये एक कागद घेऊन गेले होते. माणूस बेपत्ता होऊन सात वर्षे झाली की कोर्टात अर्ज करून त्याला मृत ठरवता येते. बाबांनी मरण्याआधीच घर तेप्पेईच्या नावावर केले होते. ते बंद करून आईला नागोयाला न्यायचे तर आधी हा अर्ज हवा, आणि अर्जावर सहीच्या जागी आईचा शिक्का हवा. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात घसरून दोन तास बर्फात पडून होती. आणखी एक हिवाळा तिला तिथे एकटीला ठेवायचे नाही, एवढेच मी मनाशी पक्के केले होते.

पहिल्याच संध्याकाळी मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मासुद्धा लावला नाही. घडी केली आणि माझ्याकडे सरकवली.

"ज्याचं झाकण ओलं निघतं त्याला मेला म्हणून लिहून देऊ? तू देशील तुझ्या पोराचं?"

"आई, झाकण कुणाचंही ओलं निघेल."

"मग वाढून बघ कुणाचं तरी."

हात्सुकाकू मुळा किसत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सुमिए, आधी हातपाय धू, दोन घास खा. आईला काय, उद्याही रडवता येईल."

कागद परत पर्समध्ये गेला. मोसम संपेपर्यंत थांबू, असे मी स्वतःला सांगितले. घाई करून आई ऐकणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचा नाश्ता उरकल्यावर मी मागच्या खोलीतले ताट उचलायला गेले. त्या खोलीत देव्हारा आहे, बाबांचा फोटो आहे, आणि तेप्पेईची जेवायला बसायची उशी जिथे असायची तिथेच, नदीकडे पाठ करून ठेवलेली असते, ताट तिच्यासमोर. आमच्याकडे काड्या ताटात आडव्या ठेवतात, टोके डावीकडे, म्हणजे उजव्या हाताने सहज उचलता येतात. त्या दिवशी टोके उजवीकडे होती. आईचे डोळे आता कामातून गेले, असे मनात म्हणत मी त्या सरळ केल्या आणि ताट उचलले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आईला गुडघ्याचा त्रास होता म्हणून ताट मी स्वतः वाढले, काड्या स्वतः ठेवल्या, आणि तासाभराने गेले तर त्या पुन्हा उलट्या होत्या.

मी तिथेच बसून राहिले. आमच्या घरात डाव्या हाताने जेवणारे माणूस एकच होते. लहानपणी आजीने हात बांधून ठेवला, चटके दिले, तरी बाबांचा डावा हात काही सुटला नाही. पाहुण्यांसमोर ते उजव्या हाताने कसेबसे जेवत आणि नंतर स्वयंपाकघरात बसून डाव्या हाताने पोटभर. बाबांना जाऊन आठ वर्षे झाली होती. मी फोटोकडे बघितले नाही. काड्या सरळ केल्या आणि भांडी घासायला गेले.

त्याच दुपारी ओसाकाहून आलेल्या एक बाई हिशोब चुकता करताना म्हणाल्या, "तुमच्याकडचे म्हातारे गृहस्थ फार कामसू आहेत हो. सकाळी मी खिडकीतून पाहिलं, ते मागच्या पायऱ्या झाडत होते. मी मान लववली, पण त्यांचं लक्ष नव्हतं."

"म्हातारे गृहस्थ?" हात्सुकाकू हसल्या. "आमच्याकडे असा कामसू गृहस्थ असता तर मीच पळवून नेला असता. देवळातला सेवेकरी असेल तो."

मागच्या पायऱ्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारापासून वर देवळामागच्या थडग्यांपर्यंत जातात. चाळीस आहेत. त्या मोसमात त्या कुणी झाडत नाही, कारण तासाभरात पुन्हा पानांनी बुजून जातात. मी बाहेर जाऊन बघितले. वरच्या सगळ्या पायऱ्या स्वच्छ होत्या, दगडाच्या शिरा दिसाव्यात इतक्या. खालच्या बारा-तेरा पायऱ्यांवर घोट्यापर्यंत पाने होती. वारा नव्हता, पाने पडत होती, आणि झाडलेल्या भागावर एकही पान नव्हते. देवळात फोन केला तेव्हा कळले की सेवेकरी पाठदुखीने पंधरा दिवस गावातच नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या दहा पायऱ्या राहिल्या होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी आठ.

त्या दिवशी ताटातला वाडगा घासताना माझे बोट त्याच्या बुडाला लागले आणि मी नळ बंद केला.

बाबांच्या साठीला तेप्पेईने सेतोच्या भांड्यांच्या जत्रेतून झाकणाचे दोन सारखे वाडगे आणले होते, निळ्या रेघांचे, एक बाबांना आणि एक स्वतःला. बाबांचा एकदा हातातून निसटला आणि बुडाची कड उडाली. फेकायला ते तयार होईनात. कानस घेऊन त्यांनी ती कड घासून गुळगुळीत केली, आणि तेवढ्या एका खुणेवरून दोन्ही वाडगे ओळखू येत. माझ्या बोटाखाली ती घासलेली कड होती.

मेलेल्या माणसाची पेटी उंबरठ्याबाहेर पडते तेव्हा त्याचा वाडगा दारात आपटून फोडतात. आता इथे तुझे जेवण नाही, परत येऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. बाबांच्या वेळी ते काम माझ्याकडे होते. पेटी उचलली होती, भटजी खोळंबले होते, मी रडत फळीवरचा पुढचा वाडगा घेतला आणि दारात फोडला. बूड बघितले नव्हते. जिवंत भावाचा वाडगा मी दारात फोडला होता, आणि मेलेल्या बापाचा घरात ठेवला होता. पुढे वर्षभर तेप्पेई त्या वाडग्यात जेवला, मग डोंगरावर गेला, आणि मग सात वर्षे आई रोज त्याच वाडग्यात भात वाढून वाटेवरच्या माणसाला बोलावत राहिली. वाडगा हातात घेऊन मी मोरीशी खाली बसले.

खरे-खोटे करायचा मला एकच मार्ग सुचला. पुलाजवळच्या दुकानातून झाकणाचा नवा वाडगा आणला. सकाळी एकाच भांड्यातला, एकाच वेळी उतरवलेला भात मी दोन्ही वाडग्यांत वाढला. जुना नेहमीच्या जागी ठेवला. नवा शेजारी, तेप्पेईच्या काड्यांपाशी, आणि मनात तीनदा त्याचे नाव घेतले. भात निवेपर्यंत तिथेच बसले. जुने झाकण उचलले तर आतून इतके थेंब होते की माझ्या मनगटावरून ओघळले. नव्या झाकणातून मी बोट फिरवले. इस्त्री केलेल्या चादरीसारखे ते कोरडे होते.

गरम भातावरचे झाकण कोरडे निघते कसे, ते मला आजही माहीत नाही. त्या क्षणी मी तो विचारही केला नाही. मी फक्त मनात म्हटले, माझा भाऊ सात वर्षे उपाशी आहे, आणि मी फोनवर बरं झालं म्हणत होते.

जुना वाडगा घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. फोडायला एक क्षण लागला असता. पण फोडला असता तर आईला उद्या सकाळी काय सांगायचे? तिच्याजवळ त्या ओल्या झाकणाखेरीज दुसरे काही उरलेले नव्हते. मी वाडगा पुसून फळीवर ठेवला.

आई अंगणाकडच्या पडवीत उन्हाला बसून पर्सिमॉनची फळे सोलत होती, वाळत टाकायला. मी समोर बसले आणि दुसरी सुरी घेतली.

"आई, बाबांच्या वेळी मी वाडगा चुकीचा फोडला."

तिच्या हातातल्या फळाची साल अखंड उतरत होती, ती तशीच उतरत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुकडे मीच झाडले ना. बूड अख्खं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? फुटलेलं सांगून जुळतं का? तू आधीच रडून अर्धी झाली होतीस." तिने फळ दोरीला बांधले आणि दुसरे घेतले. "वर्षभर पोरगा त्या वाडग्यात जेवला. एकदा म्हणाला, आई, हा हाताला वेगळा लागतो गं. मी म्हटलं, गप जेव. रोज तो परडी घेऊन निघाला की मी घड्याळ बघत बसायची. कुणाला सांगणार होते?"

मला तिच्याकडे बघवेना. एक शब्दही न बोलता तिने ते एक वर्ष काढले होते, आणि त्यानंतरची सात वर्षेही. दर रविवारी फोनवर ती माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत होती.

"म्हणजे हे ताट..."

"तेप्पेईचं कसं वाढणार? त्याला वाडगाच नाही. यांचं वाढते. झाकण ओलं आहे हे तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांगायची."

"बाबांना कशाला बोलावतेस, आई?"

"विचारायला," ती म्हणाली, इतक्या सहज, की जणू बाबा देवळात गेले आहेत आणि येताना मीठ आणणार आहेत. "पोरगा तिकडे गेला असेल तर यांना दिसला असेलच ना. बापच तो, ओळखणार नाही का? आणि हे म्हणाले दिसला नाही, तर तो इकडेच आहे कुठेतरी. मग मी थांबेन. बर्फात पडले तरी थांबेन. पण हे विचारायचं कुणाला? पोलिसांना विचारून झालं, भटजींना झालं."

"आणि ते खरंच आले तर?"

तिने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितले.

"किती पायऱ्या राहिल्यात?"

"तीन," मी बोलून गेले. मोजत होते हे मी तिला सांगितलेले नव्हते.

"उद्या शेवटची बस जाईल. गर्दीत त्यांना बोलायला आवडत नाही," आई म्हणाली आणि पुन्हा सुरी घेतली.

त्या रात्री मी तिला घेऊन निघून जायला हवे होते, असे नवरा नंतर म्हणाला. त्याचे बरोबर आहे. पण मलाही ऐकायचे होते. बाबा काय सांगतील, हे मलाही हवे होते, आणि सांगायला लाज वाटते, पण वाडगा फळीवर ठेवला तेव्हा थोडेसे त्यासाठीच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी साडेआठच्या बसने शेवटचे सहा पाहुणे गेले. हात्सुकाकूंना आईने सुट्टी दिली. पाने जवळजवळ संपली होती. झाडे उघडी पडून डोंगर एकाएकी जवळ आल्यासारखा वाटत होता. मी स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले. चाळीसही पायऱ्या स्वच्छ होत्या, आणि उंबरठ्यापुढची फरशीसुद्धा. मी दार लावून घेतले, पण मग कशासाठी लावले ते मला कळेना, आणि मी कडी तशीच सोडली.

आईने केस विंचरले होते, सणाला नेसतात तो तपकिरी किमोनो नेसली होती. तिने ताट वाढले, वाडग्यावर झाकण ठेवले, आणि काड्या ठेवताना टोके स्वतःच उजवीकडे केली. ताट घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि सरकते दार आतून ओढून घेतले.

मी चुलीपाशी उभी होते. आधी काहीच ऐकू आले नाही. मग आईचा आवाज आला, बाबा जेवत असताना ती ज्या आवाजात दिवसभराचे सांगायची तो, हळू, एका सुरात. ती थांबली. समोरच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ गेला. ती पुन्हा काही बोलली, दोनच शब्द, आणि पुन्हा थांबली. या वेळी फार वेळ. देवा, नाही म्हणू दे त्यांना, असे मी मनात म्हणत होते, आणि मी काय मागते आहे याचेही मला भान नव्हते. नंतर काड्या ताटात ठेवल्याचा बारीक आवाज झाला.

दार सरकले. आई बाहेर आली. ती रडली नव्हती. चेहरा धुतल्यासारखा मोकळा होता, आणि मी तिला इतकी म्हातारी कधी पाहिलेली नव्हती.

"तो कागद दे," ती म्हणाली.

मी पर्समधून काढून दिला. तिने ओट्यावर तो सरळ केला, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि मग किमोनोच्या पट्ट्यातून शिक्का काढून तांबड्या शाईत टेकवला आणि नेमून दिलेल्या चौकटीत दाबून धरला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. कागदाची घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि माझी बोटे क्षणभर धरून ठेवली. तिचे हात गार होते.

"भात आणखी टाक," ती म्हणाली. "दोघं आलेत."

मी हललेसुद्धा नाही. मागच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते आणि मी तिकडे पाठ करून उभी होते. आई फळीपाशी गेली, एकेक वाडगा बाजूला करत शेवटपर्यंत बघत गेली, नवा वाडगा तिने हातात घेतला आणि परत ठेवला. मग माझ्याकडे वळून, कसलाही राग नसलेल्या आवाजात तिने विचारले,

"सुमिए, आता तेप्पेईला कशात वाढू?"